हक्कसोडावर सही करण्याआधी

ताई, भावाने हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला तुझा वाटा सोडून दिल्याचा कागद, पुढे केला म्हणून लगेच सही करू नकोस. आधी सातबारा आणि फेरफार (जमिनीच्या नोंदीतल्या बदलांचा उतारा) काढ, वारसांत तुझं नाव लागलंय का बघ. नसलं तरी घाबरू नकोस. सातबारा ही महसुली नोंद आहे, तेवढ्याने हक्क बुडत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली मुलींना मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नव्हते, ही सबब सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानंतर चालत नाही. वडिलोपार्जित जमिनीत तुझा वाटा भावाइतकाच. (२० डिसेंबर २००४ पूर्वीच रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी.)

माझ्या आत्याने ‘पीककर्जासाठी लागतोय’ म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. पुढे कित्येक वर्षं ती तालुक्याला खेपा घालत राहिली. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नुसती नोटरी पुरत नाही. तिथे जाण्याआधी मसुदा घरी आणून वकिलाला दाखव.