जुन्या फ्रंट स्पीकरना दुसऱ्या कंपनीचा सेंटर चालेल का?

तुमच्या होम थिएटरचे टॉवर, म्हणजे पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे उंच फ्रंट स्पीकर, जुने आहेत, त्यांच्या सिरीजचा सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, आता मिळत नाही आणि दुसऱ्या कंपनीचा एक महागडा सेंटर तुमच्या मनात भरलाय. तो घ्यावा का, असं विचारलंय. मी म्हणेन, इतक्यात घेऊ नका.

हीच चूक मी केलेली आहे. माझ्या फ्रंटला रेशमी डोमचे ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे छोटे घटक) होते आणि सेंटर आणला तो हॉर्नवाला, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडाच्या ट्वीटरचा, दर्जाने फ्रंटपेक्षा वरचा. एकटा ऐकला तर लख्ख वाजायचा. पण पडद्यावर डावीकडून मोटारसायकल आली की मध्यावर पोचताच इंजिनाचा भरदारपणा जाऊन ती पत्र्यासारखी खणखणायची, आणि उजवीकडे गेली की पुन्हा भरदार. एकदा हे कानाला कळलं की चित्रपटात लक्ष राहत नाही. संवाद तर बहुतेक सेंटरमधूनच येतात, त्यामुळे माणसांचे आवाज मागच्या संगीतापासून तुटल्यासारखे वाटायचे.

दुकानात किंवा घरी, जिथे जमेल तिथे एक परीक्षा घ्या. रिसीव्हरचा (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राचा) टेस्ट टोन लावा, तिन्ही स्पीकरची पातळी सारखी करा आणि डोळे मिटून बसा. डावा, मधला, उजवा असा तो 'शऽऽ' फिरू द्या. मध्ये 'श'चा 'स' झाला किंवा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला, तर जोडी जुळलेली नाही. मात्र दोष देण्याआधी सेंटर कपाटाच्या खणात आत ढकललेला नाही ना, ते बघा. खणात घुसवला की चांगला सेंटरही घुमतो. तो फळीच्या अगदी पुढच्या कडेला आणा आणि खाली असेल तर तोंड कानाच्या दिशेने वर करा.

वॅट आणि ओहम जुळवत बसू नका, आवाजाची जात त्यावरून ठरत नाही. एकाची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) ८७ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असली तरी तो फरक रिसीव्हरमध्ये भरून काढता येतो. वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या घटकाच्या) आकारातला फरकही तिन्हींचा क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वाटून देण्याची सीमा, ८० हर्ट्झला ठेवून खालचा बेस सबवूफरकडे (फक्त बेसच्या वेगळ्या स्पीकरकडे) दिला की बराच झाकला जातो. जुळायला हवा तो मधला आणि वरचा पट्टा, म्हणजे माणसाचा आवाज. ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने ऐकून आपणच आवाज जुळवतो ते) तिथे काही प्रमाणात मदत करतं, पण स्पीकर बाजूंना आवाज कसा फेकतो ते त्याला बदलता येत नाही. कंपनी एकच आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. सिरीज बदलली की ट्वीटर बदललेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. आडव्या सेंटरमध्ये दोन वूफर आणि मधोमध ट्वीटर अशी रचना असेल, तर सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यापासून दोन्ही वूफरचं अंतर वेगळं पडतं. मधल्या पट्ट्यातले काही सूर एकमेकांना मारतात आणि त्या माणसाला संवाद पोकळ ऐकू येतात. ट्वीटरच्या खाली किंवा वर छोटा मिडरेंज (मधल्या सुरांचा घटक) असलेल्या सेंटरमध्ये हा त्रास बराच कमी असतो.

मी शेवटी माझ्या फ्रंटच्याच सिरीजची बुकशेल्फची (फळीवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरची) जुनी जोडी मिळवली आणि त्यातला एक स्पीकर सेंटर म्हणून टीव्हीखाली उभाच ठेवला. मोटारसायकल आता सलग जाते. तुम्हीही आधी सेकंडहँडमध्ये तोच सेंटर किंवा तसला बुकशेल्फ शोधा. तोवर रिसीव्हरमध्ये सेंटर 'नाही' असं निवडा. संवाद दोन्ही टॉवरना सारखे वाटले जातील आणि मधोमध बसणाऱ्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतील. बाजूला बसणाऱ्याला मात्र ते जवळच्या टॉवरकडे ओढल्यासारखे ऐकू येतात, म्हणून एकट्यादुकट्याने बघत असाल तर हा उपाय कायमचाही चालेल.

इतकं करूनही दुसऱ्याच कंपनीचा घ्यावा लागला, तर ट्वीटर तुमच्या टॉवरच्याच प्रकारचा बघा आणि परत करण्याची मुभा असेल तरच घ्या.