स्टेपनीच्या जागी गॅसची टाकी बसवू का?

जुन्नर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, घरी बायको, दोन मुलं, आई. पावणेतीन वर्षांपूर्वी कर्ज काढून जुनी पिकअप घेतली, पेट्रोल-सीएनजी, कंपनी फिटिंगची. नारायणगावहून रात्री टोमॅटो भरायचा, पहाटे वाशीच्या मार्केटला उतरवायचा. मागच्या पावसाळ्यात मार्केटमध्येच गाडीखालची स्टेपनी चोरीला गेली, तेव्हापासून जागा रिकामी. फिटर म्हणतो, त्या जागेत ६० लिटरची जादा टाकी बसवतो, ५२ हजार घेईन. वाचकाचा हिशोब असा: परतताना वाशीकडे गॅसच्या रांगेत दीड तास जातो, तो वाचेल, आठवड्याला एक फेरी वाढेल, फेरीला दोन हजार धरले तर महिन्याला आठ हजार सुटतील. बचत ३० हजार आहे, उरलेले आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून घालतो. करू का?

नका करू. टाकीचं आधी उरकून घेऊ, कारण खरं दुखणं तिथे नाही.

टाकी ६० लिटरची म्हणजे त्यात ६० लिटर पाणी मावतं. गॅस मावतो नऊ-दहा किलो, तोही पंपावर प्रेशर पूर्ण असेल तर. गर्दीच्या वेळी प्रेशर उतरतं आणि टाकी अर्धवट भरूनच निघावं लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भरलेली गाडी किलोला १४ किलोमीटर देत असेल तर सव्वाशे किलोमीटर वाढले. सध्या १८० जाते असं तुम्ही लिहिलंय. बेरीज ३०५. जाऊन-येऊन तुमचं अंतर ३०० च्या घरात, मधे घाट. म्हणजे रांग टळेलच असं नाही, कधी टळेल कधी नाही. गॅस स्वस्त होणार नाही, वाचला तर वेळ वाचेल. आणि त्या दीड तासात फेरी कुठून येणार? मार्केट पहाटेचं आहे, माल रात्री भरला जातो, एका रात्रीत एकच फेरी. वाचलेला वेळ तुमच्या झोपेचा, आणि झोप मिळाली तर मला आनंदच आहे. पण तिचे महिन्याला आठ हजार कोणी देत नाही.

दुसरी बाजू तुम्ही धरलेलीच नाही. नवी स्टेपनी मग कुठे ठेवणार? हौद्यात ठेवलीत तर तीन-चार क्रेट कमी बसतील. क्रेटला ७० रुपये भाडं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे फेरीला २८० गेले, महिन्याच्या २२ फेऱ्यांना सहा हजार. टाकीने कमावून द्यायचे ते स्टेपनीने खाल्ले. आणि स्टेपनी घेणारच नाही म्हणालात, तर माल भरलेल्या गाडीने रात्री घाटात पंक्चर काढत बसा. २०२० साली स्पेअर चाकाची सक्ती सैल झाली असं कोणी सांगितलं तर ते प्रवासी गाड्यांसाठी आहे, तेही टायर ट्यूबलेस, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर. मालाच्या पिकअपला ते लागू नाही.

फिटरचं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: ‘पासिंगच्या वेळी टाकी उतरवून देतो.’ जी वस्तू आरटीओपासून लपवावी लागते ती बसवायची नसते, एवढं कळायला सल्लागार लागत नाही. आरसीवर नोंद नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, २०१९ पासून त्याला बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दंडाचं सोडा. टाकी बहुतेक दुसऱ्या गाडीवरून उतरवलेली असणार, तिची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी, झालीय का, शिक्का कुठेय, हे विचारलंत का? गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, जिथे मागून येणारा ट्रक पहिला धडकतो, तिथे ती लटकणार आहे.

टाकीचं संपलं. आता पत्राच्या चौथ्या पानावरची ओळ. ‘यंदा गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी काढला, तेरा हजार वाचवले, कारण पॉलिसीचा ७२ हजारांचा हप्ता तीन महिन्यांवर आलाय.’

हे वाचून मी टाकी विसरलो.

पिकअपची आजची किंमत पाच लाख धरू. तिच्यावर कर्ज शिल्लक ३ लाख ४० हजार, व्याज १३ टक्के, हप्ता साडेचौदा हजार, अजून २७ महिने. गॅस, टोल, देखभाल जाऊन महिन्याला हाती ४२ हजार येतात ते सगळे या एका गाडीतून. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर विमा कंपनी देणार. तुमची गाडी उलटली, जळली, चोरीला गेली तर शून्य. ज्या मार्केटमधून स्टेपनी गेली तिथून गाडी जाऊ शकत नाही का? गेली तर कमाई बंद आणि साडेचौदा हजारांचा हप्ता चालू, २७ वेळा, म्हणजे ३ लाख ९० हजार. शिवाय कर्जाचा करार काढून बघा. पूर्ण विमा चालू ठेवीन असं तुम्ही त्यात जवळपास नक्कीच लिहून दिलेलं असेल.

हे सगळं कशासाठी, तर एका पॉलिसीसाठी. कर्ज करताना ऑफिसातल्या माणसाने ‘कर्जासोबत घ्यावीच लागते’ म्हणून गळ्यात मारलेली. वर्षाला ७२ हजार, १५ वर्षं, विमा रक्कम ७ लाख २० हजार, शेवटी १५ लाख मिळतील असं तोंडी सांगितलेलं. अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद नाही मिळाली तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पण तीन वर्षांनी, पुरावा हातात नसताना, तक्रारीतून मिळतील त्या पैशावर घरखर्चाचा बेत करू नका.

१५ लाखांचा आकडा मोठा वाटतो. १५ वर्षं ७२-७२ हजार भरून शेवटी १५ लाख म्हणजे वर्षाला चार टक्के. तेही मिळाले तर. पॉलिसीच्या कागदांत चार टक्के आणि आठ टक्के गृहीत धरलेले दोन रकाने असतात, विकणाऱ्याचं बोट नेहमी दुसऱ्यावर असतं. वर लिहिलेलं असतं की हे आकडे हमीचे नाहीत, ते कोणी वाचून दाखवत नाही. तुम्ही १३ टक्क्यांनी उधार घेऊन चार टक्क्यांनी साठवताय, आणि त्या साठवणुकीवर पुन्हा कर्ज काढून गाडीखाली टाकी बसवणार आहात.

आता मोडायची का? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की हिशोब वाटतो तितका सरळ नाही. तीन हप्त्यांत दोन लाख सोळा हजार भरलेत. तीन वर्षांनी हमीची परतफेड ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ७५ हजार. बाकीचे गेले, ते कमिशनात आणि खर्चात केव्हाच गेले. आजपासून पुढचं बघितलं तर हे ७५ हजार सोडून देऊन अजून १२ हप्ते भरायचे आणि १५ लाख घ्यायचे, याचा दर साडेसहाच्या वर निघतो. एजंट म्हणेल, ‘आता मोडू नका, पुढेच तर फायदा आहे.’ त्याचा आकडा अगदीच खोटा नसेल. पण तो १५ लाख पक्के धरून बोलतोय, आणि तुमच्या डोक्यावर १३ टक्क्यांचं कर्ज आहे. मुख्य म्हणजे महिन्याला सहा हजार तुम्हाला झेपत नाहीत. झेपत असते तर गाडीचा विमा कापला नसता. ४२ हजारांतून साडेचौदा आणि सहा गेले की साडेएकवीस उरतात, त्यात पाच माणसं.

मोडा. पण आजच नको, आधी टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, हातात येऊ दे. ५० लाखांचा, साठाव्या वर्षापर्यंतचा. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर वर्षाला आठ-दहा हजारांत बसेल. तंबाखू असेल तर फॉर्ममध्ये लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. सध्याची ७ लाख २० हजारांची रक्कम तुमच्या मागे राहिलेल्यांना कर्ज फेडून जेमतेम वर्षभर पुरेल. टर्मचं पत्र आलं की जुनी पॉलिसी सरेंडर करा, चौथा हप्ता भरू नका. आलेल्या ७५ हजारांतले ४५ हजार बँकेत वेगळे ठेवा, गाडीचे तीन हप्ते. उरलेले कर्जात भरा, मुदतीआधी भरण्याचा दंड किती ते आधी विचारून.

या सगळ्याआधी, या आठवड्यात, गाडीच्या विम्याचं बघा. गाडीची आधीची पॉलिसी गेल्या महिन्यात संपली म्हणता. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ९० दिवसांपर्यंत टिकतो, नंतर जातो, आणि मग हेच तेरा हजार पुष्कळ वाढतात. ज्या कंपनीची थर्ड पार्टी आहे तिच्याकडेच जाऊन पॅकेज पॉलिसी, म्हणजे पूर्ण विमा, करून मागा. त्यांचा माणूस गाडी बघायला येईल, खालीसुद्धा वाकून बघेल. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्यात लावलेला आहे ना, तेही कागदावर शोधा.

३० हजारांतले तेरा तिकडे गेले. सात हजारांपर्यंत चांगल्या स्थितीतलं रिम-टायर आणि कुलूपवाली साखळी बघा आणि जुन्या जागीच लावा. दहा हजार राहतात, ते राहू द्या. फिटरला दोन हजार इसार देऊन बसलाय म्हणता, तो परत मागा. नाही म्हणाला तर त्याच पैशांत त्याच्याकडून स्टेपनी बसवून घ्या.