वाचनालय पुन्हा उघडायचंय, आधी काय करू?

प्रश्न : आमच्या कळव्यातलं सार्वजनिक वाचनालय कोविडपासून बंद आहे. कमिटीतले दोघं वारले, बाकीचे मुलांकडे राहायला गेले. आम्ही काही जणांनी व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, लोक पुस्तकं द्यायला, रंग लावून द्यायला तयार आहेत. पण छत गळून खालच्या फळ्यांवरची पुस्तकं भिजलीत. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, पण पुस्तकं गोळा करणं आत्ता थांबवा. आवाहन केलं की जुनी गाइडं, पाठ्यपुस्तकं, रद्दीत जायचे गठ्ठे येतात आणि ठेवायला जागा उरत नाही.

आधी कागद बघा. वाचनालय ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तुमचा उशीर झालाय म्हणजे सोबत उशीर माफीचा अर्जही लागेल, आणि हे नाही केलं तर बँकेत सह्या कोण करणार इथेच सगळं अडतं, मग लोकांनी दिलेले पैसे कुणाच्यातरी घरच्या खात्यात जातात आणि तिथून भांडणं सुरू होतात. मग ठाण्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालची मान्यता अजून आहे का, आणि वर्ग कुठला, अ, ब, क की ड, कारण अनुदान त्यावर ठरतं.

दाखलनोंद वही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकाने नोंद केलेली वही, मात्र काहीही करून शोधा! कपाटाच्या मागे, जुन्या सेक्रेटरींच्या घरी, कुठेही असेल. प्रत्येक पुस्तकावर शिक्क्याजवळ दाखल क्रमांक असतो, तो वहीशी ताडून बघा, कुठलं आहे, कुठलं गेलं ते कळेल. हे काम दोघादोघांनी करायचं, एकाने वाचायचं आणि एकाने खूण करायची.

भिजलेली पुस्तकं कडक उन्हात अजिबात टाकू नका, कागद पिवळा पडतो, वाकडा होतो. सावलीत पंख्याखाली उभी उघडून ठेवा, ओल्या पानांमध्ये कोरे टीपकागद घाला आणि ते बदलत राहा. बुरशी आलेली वेगळी काढून, वाळल्यावर बाहेर मोकळ्यावर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, काही वर्षांनी त्याचा डिंक कागद खातो. वाळवी लागलेलं पुस्तक चांगल्या कपाटात परत ठेवायचं नाही. आणि एकदा ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन या, १८९३ पासूनची संस्था आहे, जुनं कसं सांभाळायचं ते तिथल्या ग्रंथपालांना विचारा.

सगळं नीट झाल्यावर उद्घाटन करू असं म्हणत बसू नका. छत दुरुस्त झालं की एक खोली, दोन वर्तमानपत्रं आणि वाळलेली पुस्तकं घेऊन रोज संध्याकाळी दोन तास उघडा, वेळ पाळा, त्यासाठी ग्रुपवर आत्ताच कोण कुठल्या वारी बसणार ते लिहून घ्या. लोक येऊन काय मागतात ते वहीत टिपा आणि देणाऱ्यांना तीच यादी द्या. रंग सगळ्यात शेवटी, ओल्या भिंतीवर लावलात तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतील.