प्रोटो फाइल एक, बिऱ्हाडं दोन

प्र. आमचा सर्व्हर आणि अ‍ॅप हे दोन वेगळे ओपन सोर्स प्रोजेक्ट. दोन्हीकडे तीच प्रोटो फाइल (प्रोटोबफची, म्हणजे दोघांतल्या निरोपात कोणती फील्डं, कोणत्या नंबरची, ते ठरवणारी) कॉपी करून ठेवली तर? (डोंबिवली)
उ. ठेवा. बदल मात्र मूळ रेपोतच (गिटमधल्या कोडच्या कोठारातच) करायचा, आणि ती कोणत्या कमिटवरून (नोंदवलेल्या बदलावरून) उचलली ते कॉपीच्या वरच लिहायचं.

प्र. त्याऐवजी सबमॉड्यूल (एका रेपोत दुसऱ्या रेपोचा दुवा) केलं, पण लोकांना फोल्डर रिकामं मिळतं. (माहीम)
उ. क्लोन करताना, म्हणजे रेपो उतरवून घेताना, 'रिकर्स सबमॉड्यूल्स' हा पर्याय द्यायला सांगा.

प्र. तापमानाचं फील्ड काढलं, ४ नंबर मोकळा झाला. तिथे बॅटरीची टक्केवारी घालू का? १५ पर्यंतचे नंबर स्वस्त पडतात असं ऐकलंय. (ठाणे)
उ. नाही. ऐकलंय ते खरं आहे: १ ते १५ ला टॅग (निरोपात फील्डची ओळख सांगणारा भाग) एका बाइटचा, १६ ते २०४७ ला दोन. पण त्या एका बाइटपायी काय होतं बघा. जुन्या अ‍ॅपमध्ये अजून 'इंट३२ तापमान = ४' आहे (इंट३२ म्हणजे पूर्णांकाचा टाइप). नवा सर्व्हर बॅटरी म्हणून ८७ पाठवतो आणि जुनं अ‍ॅप निमूटपणे खोलीत ८७ अंश दाखवतं. टाइप तोच, त्यामुळे एररही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना ८ ते १४ नंबर दिले, तेव्हा निदान पाट्या तरी बदलल्या. तुमची फाइल तीन वर्षांपूर्वी उचलून नेलेल्याला कोण पाटी दाखवणार? फील्ड काढाल त्याच कमिटमध्ये 'रिझर्व्हड ४' लिहा, नावही राखीव करा, म्हणजे पुन्हा वापरलं तर कंपायलरच अडवेल. 'रिलीजनंतर करू' म्हणणारे करत नाहीत. नंबरांचा दुष्काळही नाही, ५३ कोटींवर आहेत (१९००० ते १९९९९ सोडून, ते प्रोटोबफचे स्वतःचे). आणि बदल मर्ज करण्याआधी, म्हणजे मूळ रेपोत मिसळण्याआधी, फाइल वापरणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या मेंटेनरला विचारा.

प्र. फील्डचं नुसतं नाव बदललं तर? (गिरगाव)
उ. बायनरीत नाव जातच नाही, नंबरच जातो. जेसनमध्ये (तोच निरोप मजकूर म्हणून लिहायच्या पद्धतीत) जातं, तिथे फुटेल. कोण काय वापरतं ते आधी विचारा.

प्र. मूळ फाइल जीपीएल लायसन्सची, आमचा प्रोजेक्ट अपाचे लायसन्सचा. मित्र म्हणतो, नुसत्या व्याख्यांना लायसन्स लागत नाही. (विलेपार्ले)
उ. मित्र वकील आहे का? वेलँडच्या (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) प्रोटोकॉलच्या व्याख्यांच्या एक्सएमएल फाइलींत कॉपीराइटचा मजकूर फाइलीतच असतो, तो उगाच नाही. मूळ लेखकांना लेखी विचारा, नाहीतर वकिलाला.

प्र. चौघांचा प्रोजेक्ट आहे. एक कंपनी 'स्कीमा व्यवस्थापना'चं (अशा प्रोटो फाइली सांभाळण्याचं) वार्षिक पॅकेज देतेय. घ्यावं का? (बोरिवली)
उ. एक गिट रेपो आणि प्रत्येक आवृत्तीला गिटचा टॅग पुरे. सही करण्याआधी आपली फाइल त्यांच्याकडून परत कशी काढायची एवढं विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या.