चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात वेल्डिंग करून तरंगता जिना, म्हणजे खाली आधार न दिसणारा, पायऱ्या भिंतीतून निघाल्यासारखा जिना, बसवता येईल का? खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळचं घर आहे, भिंती नऊ इंची चिऱ्याच्या, वर स्लॅब, आणि फॅब्रिकेटर म्हणतोय की प्रत्येक पायरीची प्लेट भिंतीत अँकर बोल्ट मारून बसवतो. बसवू देऊ नका. खर्चाचं नंतर बोलू.

हिशेब करून बघा. पायरी ९०० मिमी लांब. आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या भाग २ प्रमाणे अशा सुट्या पायरीच्या मोकळ्या टोकावर १.३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १३० किलो धरायचे. भिंतीपाशी १३० किलो × ०.९ मीटर = ११७ चा मोमेंट, म्हणजे पायरी खाली वाकवणारा जोर, आला. प्लेटचे वरचे-खालचे बोल्ट १५० मिमी अंतरावर असतील तर वरच्या जोडीवर ७८० किलोची ओढ. ही ओढ सहन करायला मागे काय आहे? जांभा. आयएस ३६२० मध्ये चिऱ्याची किमान दाबशक्ती ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी दिली आहे, एम-२० काँक्रीटची २०. आणि ही दाबाची ताकद झाली, ओढीची त्याहून कितीतरी कमी.

ड्रिल लावलं की लाल भुगा पडत राहतो. मध्येच पोकळ जागा लागली की बिट डगमगतं, १६ चं भोक १८-१९ होतं, आणि फास्टनर आवळायला गेलं की जागच्या जागी फिरतो. मग म्हणतात केमिकल अँकर भरू. रसायन बोल्टला घट्ट धरतं, वाद नाही, पण त्याच्याभोवतीचा चिरा कोण धरणार? बोल्ट रसायनासकट, दगडाचा शंकू घेऊन बाहेर येतो. त्याआधी प्लेटच्या वरच्या कडेला प्लास्टरमध्ये कमानीसारखी बारीक चीर दिसते. ती पुट्टीने बुजवणारे लोक मला मान्य नाहीत. पहिल्या दिवशी दोन माणसं पायरीवर उभी करून ‘बघा, हललं का?’ हा पुरावा नव्हे. रोज येणाऱ्या-जाणाऱ्या पावलांचा हिसका वेगळा.

मग करायचं काय? भिंतीला वजन द्यायचंच नाही. भिंतीला लागून एक तिरका बॉक्स बीम (चारही बाजूंनी बंद लोखंडी तुळई) टाका. तो खाली स्वतःच्या फाउंडेशनवर उभा राहील, वर स्लॅबच्या बीमला बोल्ट होईल, आणि पायऱ्यांचे हात, म्हणजे पायरी पेलणारे आडवे पाइप, त्यालाच वेल्ड होतील. पुढून पातळ पार्टिशन केलं की पायऱ्या भिंतीतून निघाल्यासारख्या दिसतात.

हा बीम बंद पेटीच हवा. सगळ्या पायऱ्या एकाच बाजूला, म्हणजे बीमला पीळ बसतो, आणि एका बाजूने उघडा, सी आकाराचा चॅनेल पिळाला बंद पेटीच्या तुलनेत शेकडो पटीने कमजोर. १५० चे दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून सलग वेल्ड करा, तुकड्यातुकड्याने नको. खालचं काँक्रीट ९०० × ६०० × ४५० मिमी, लांब बाजू पायरीच्या दिशेने, कारण कलंडायचं तिकडेच. बेस प्लेट १६ मिमी, चार एम-१६ बोल्ट.

पायरीला ८० × ४० × ४ चे दोन पाइप, ८० ची बाजू उभी. ५० × ५० × ३ चा एकच पाइप ताकदीत कसाबसा पास होतो, पण टोक साडेसात मिमी खाली जातं आणि चालताना जिना उड्या मारतो. ८० × ४० च्या जोडीत तेच एक मिमीच्या आसपास राहतं.

वेल्डिंगला घाई नको. आधी सगळे हात टॅक करा, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरते जोडा, दोरी लावून लेव्हल तपासा. मग पहिली, नववी, पाचवी, तेरावी असं उड्या मारत वेल्ड करा. ओळीने करत गेलात तर सगळी उष्णता एका बाजूने बसून बीम केळ्यासारखा वाकतो. हाताचं टोक ३ मिमी वर ठेवून टॅक करा. हाताच्या बुडाशी ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड, सगळ्या बाजूंनी ६ मिमी फिलेट (कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड). पावसात हा रॉड दमट होतो. भट्टीत भाजून गरम गरम वापरायचा, गोणपाटातला नाही.

पायऱ्यांची मापं तयार फरशीपासून घ्या. ३०६० मिमी उंचीला १७ टप्पे, प्रत्येकी १८० मिमी. फरशी नंतर बसवली की पहिली पायरी ५० मिमीने बुटकी होते आणि रोज तिथेच ठेच लागते. घरात लहान मूल असेल तर पायऱ्यांमधली मोकळी फट १०० मिमीपेक्षा कमी ठेवा. रेलिंग टाळू नका.

समुद्राच्या हवेत गंजलेल्या मिलस्केलवर (नव्या लोखंडावरची काळी खपली) रेड ऑक्साइड फासणं म्हणजे पैसे वाया. ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा मारा करून साफसफाई), झिंक इपॉक्सी प्रायमर, मग इपॉक्सी आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग, एकूण २०० मायक्रॉनपुढे. पाइपची तोंडं पूर्ण बंद करा. गॅल्व्हनाइझ करणार, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणार असाल तर उलट, दोन्ही टोकांना भोकं हवीतच, नाहीतर बंद पाइप जस्ताच्या टाकीत फुटतो. रेलिंगला २०२ स्टेनलेस घेऊ नका, इथल्या हवेत डाग पडतात. ३१६ घ्या. चुंबक लावून हा फरक कळत नाही.

खर्च? लोखंड साधारण चारशे किलो, रेलिंग आणि लाकूड वेगळं. दर किलोवर विचारा, आणि त्यात ब्लास्टिंग-पेंट धरलंय का ते लिहून घ्या. लाकूड फणसाचं किंवा ऐनाचं, ४० मिमी, खालून लांबट भोकांतून स्क्रू, मध्ये रबर. घट्ट आवळलेली फळी पावसाळ्यात फुगून तडकते.

हे आकडे सरळ, एका धावेच्या जिन्याचे आहेत. वळण किंवा लँडिंग असेल, स्लॅबला कडेला बीमच नसेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून नकाशा करून घ्या. भिंत काँक्रीटची असती तर फॅब्रिकेटरचं म्हणणं चाललं असतं. चिऱ्यात नाही.