किटलीत बसलेले क्षार कसे काढावेत? थर रोज पाण्यातून पोटात जातो, त्याने मुतखडा होतो का?

तुम्ही लिहिलंय की नव्या वस्तीत बोअरचं पाणी आहे, दोन महिन्यांत स्टीलच्या इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला पांढरा टणक थर बसला, चमच्याने खरवडूनही निघत नाही आणि कपात पापुद्रे येतात. वडिलांना पूर्वी मुतखडा झाला होता म्हणून घरात काळजी आहे. शिवाय आजीचा तांब्याचा बंब पुन्हा वापरात काढायचाय आणि त्याची तोटी तुंबली आहे.

आधी एक विनंती, तो चमचा बाजूला ठेवा. मी लातूरला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी घरगुती मेस चालवते. 15 लिटरचा तोटीचा स्टीलचा बॉयलर आणि तीन किटल्या रोज चालतात, सगळं बोअरच्या पाण्यावर. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या वर्षी, आमच्याकडे खोल बोअरचे टँकर येत होते. तेव्हा मी बॉयलरचा थर सुरीने खरवडला. थर निघाला नाही, स्टीलला मात्र चरे पडले, आणि पुढचे क्षार त्या चऱ्यांना धरूनच बसायला लागले. तिथून मी हे काम नीट शिकून घेतलं.

तो थर म्हणजे चुनखडीत असतो तोच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात राहू शकत नाही. जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे, म्हणजे कॉईलवर किंवा तळाला, ते चिकटतं. शाळेत आपण याला तात्पुरतं दुष्फेन पाणी म्हणायचो.

किती बसतं याचा अंदाज घ्या. समजा दिवसाला तीन लिटर पाणी उकळता आणि लिटरमागे 100 मिलिग्रॅम खाली बसतं. दोन महिन्यांत 18 ग्रॅम दगड झाला. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, कॉईल जास्त तापते आणि किटली पाणी उकळायच्या आतच बंद पडायला लागते. पुष्कळ लोक तेव्हा किटली बिघडली समजून नवी घेतात.

आता औषध. किराणा दुकानात लिंबूफूल मागा, म्हणजे सायट्रिक ॲसिड. साखरेसारखे दाणे असतात, म्हणून डब्यावर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. एक ग्रॅम थर विरघळवायला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम लिंबूफूल लागतं. तुमच्या किटलीला 25 ग्रॅमपासून सुरुवात करा.

थर बुडेल इतकं, लिटरभर पाणी किटलीत घ्या. वाफ दिसायला लागली की उकळी यायच्या आत बंद करा, किटली तिच्या तळपाटावरून उचलून वेगळी ठेवा आणि मग लिंबूफूल थोडं थोडं घाला. एकदम टाकलं तर फसफसून वर येतं आणि हात भाजतो. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा, थर विरघळत असल्याची खूण. अर्ध्या तासाने पाणी ओता आणि मऊ कापडाने आतून पुसा. थर उरला असेल तर जुन्याच पाण्यात भर घालू नका, नवं पाणी आणि नवं लिंबूफूल घ्या. जाड थराला दोन-तीन वेळा करावं लागतं.

उकळायला का नको, हे सांगायलाच हवं, कारण बहुतेक जण ‘लिंबूफूल घालून खळखळ उकळा’ असंच सांगतात. सायट्रिक ॲसिड आणि कॅल्शियम मिळून जे कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, ते पाण्यात मुळात कमी विरघळतं, आणि पाणी जितकं गरम तितकं आणखी कमी. थर जाड असताना खूप उकळलं की पांढरा गाळ पुन्हा तळाला बसतो आणि वाटतं की उपाय फसला. वाफ दिसण्याइतकं गरम पाणी पुरे. तोंडाशी असलेली बारीक जाळी निघत असेल तर काढून वाटीभर त्याच पाण्यात बुडवा. कपातले पापुद्रे बरेचदा तिथूनच येतात.

मग साधं पाणी भरून दोनदा उकळा आणि दोन्ही वेळा ओतून द्या. सुरुवातीला मी एकदाच विसळून किटली मुलींना दिली होती. दोघींनी त्याच पाण्याने दुधाची कॉफी केली आणि ती पेल्यातच फाटली. आम्लाचा थोडासा अंशही दुधाला पुरतो. तेव्हापासून दोन उकळ्यांशिवाय मी किटली कुणाच्या हातात देत नाही.

लिंबूफूल नसेल तर पांढरा व्हिनेगर चालतो. 4 टक्क्यांचा अर्धा लिटर व्हिनेगर जवळपास तेवढंच काम करतो, फक्त वास दोन दिवस जात नाही. लिंबं पिळून करायचं म्हटलं तर एका लिंबात जेमतेम एक-दीड ग्रॅम आम्ल असतं, म्हणजे वीसेक लिंबं लागतील. ती सरबताला ठेवा. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालायचा उपाय सगळीकडे सांगतात, तो करू नका. सोडा आम्लाला मारून टाकतो. फेस भरपूर दिसतो, पण तो त्या दोघांचा असतो, थर जागेवरच राहतो. आणि संडास-बाथरूम साफ करायचं ॲसिड किटलीत कधीही, कितीही पातळ करून घालू नका. त्याने स्टीलला बारीक भोकं पडतात, आणि त्यात चुकून ब्लीचिंग पावडर मिसळली गेली तर विषारी क्लोरिन वायू निघतो.

एखादा थर लिंबाचा थेंब टाकल्यावर अजिबात फसफसत नाही. तिथे बहुधा कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम जास्त असतं आणि आम्ल त्याला फारसं काही करत नाही. स्टीलच्या भांड्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी तासभर उकळत ठेवलं की त्याचं हळूहळू कार्बोनेट होतं. ते पाणी टाकून, भांडं विसळून मग लिंबूफूल. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा आणि आम्ल दोन्ही खातात.

आता बंब. हात सांभाळून करा, कारण तांब्याला आतून कल्हई असली तरी ती जुनी झाली की खालचं तांबं उघडं पडतं. घागरभर गरम पाण्यात 150 ते 200 ग्रॅम लिंबूफूल विरघळवून ओता. तासाभरात तोटीतून काढून टाका, रात्रभर ठेवू नका. पाणी निळसर-हिरवट आलं तर ते तांब्याचं आहे, ते कशालाही वापरू नका. तुंबलेल्या तोटीत तार खुपसण्याआधी तोटी सोडवून वाटीत भिजत घाला, आतला खडा आपोआप मोकळा होतो. वायसर नवा टाका. बाहेरून चिंच-मीठ लावून बंब लखलखीत होतो, पण आतल्या क्षारांसाठी चिंच वाया घालवू नका. चिंचेतल्या आम्लाचा कॅल्शियमशी संयोग होऊन जे बनतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. बंबाचं पाणी आंघोळीलाच ठेवा.

हीटरच्या रॉडवरचा थर दगडाने ठोकून काढताना मी लोकांना पाहिलंय. कृपा करून कुणालाही तसं करू देऊ नका. वरचं आवरण तडकलं की पाण्यात करंट उतरतो. रॉडची पिन काढून, थराचा भागच बुडेल असा तो प्लॅस्टिकच्या बादलीत लिंबूफुलाच्या पाण्यात ठेवा. गिझर मात्र घरी उघडू नका, माणूस बोलवा, आणि त्याला आतला मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा.

वडिलांबद्दल. मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि किटलीतला थर कार्बोनेटचा आहे. पिण्याच्या पाण्यात सहसा असतो तेवढ्या जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही. भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, ती लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600. एकदा मुतखडा झालेल्या माणसाने पाणी कमी पिणं जास्त धोक्याचं, त्यामुळे थराच्या धास्तीने त्यांचं पाणी कमी होऊ देऊ नका. किती आणि कोणतं प्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मला खरी काळजी वेगळीच वाटते. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर ते किटलीत दिसत नाही आणि उकळून जातही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. वस्ती नवी आहे, सगळ्यांनी मिळून एक नमुना दिला तरी पुरेल.

पुढे थर बसूच नये असं बोअरच्या पाण्यात होत नाही. रात्री किटली रिकामी करून उघडी ठेवली, तर मात्र बराच फरक पडतो. उरलेलं पाणी पुन्हा पुन्हा उकळलं की थर वाढत जातो. तुरटीने गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत. घरी आरओ असेल तर त्यातून बाहेर टाकलं जाणारं पाणी किटलीत घेऊ नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी भांडी लिंबूफुलात घालते. थर पातळ असतानाच केलं की 10 ग्रॅममध्ये काम होतं.

हे सगळं करताना ओट्याकडे लक्ष ठेवा. ग्रॅनाइट असेल तर भीती नाही. पण कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत. लिंबूफुलाचं पाणी सांडलं की किटलीतल्या थरासारखे तेही फसफसतात, आणि तिथे पडलेला फिका डाग पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही. आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर तसा एक गोल डाग आहे. किटली स्टीलच्या परातीत ठेवूनच हे काम करा, आणि वापरलेलं पाणी मोरीच्या फरशीवर न फेकता थेट जाळीत ओता.