आवाज मेंगळट का येतो?

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडून रेकॉर्ड करतो. आवाज मेंगळट येतो, शिवाय तार छेडल्यावर उशिरा ऐकू येतो. दहा हजारांत अ‍ॅम्प घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अ‍ॅम्प राहू द्या. फ्लॅटमध्ये तो खुलून वाजवायच्या आत शेजारी बेल वाजवतील. दोष त्या भोकाचा आहे. गिटारच्या पिकअपला (तारांची कंपनं पकडणारा चुंबकी भाग) सुमारे १० लाख ओहम रोधाचा इनपुट लागतो. माइकचा त्याहून फारच कमी, म्हणून आवाजातली धार जाते. ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी छोटी पेटी, घ्या. वापरलेला चालेल, माझाही तसाच आहे.

उशिराचं कारण बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी साठवून मग पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा. विंडोजवर इंटरफेसचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि बफर १२८ सॅम्पल (आवाजाचे नमुने) ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते तीन मिलिसेकंदांहून कमी. जाण्यायेण्याचा मिळून उशीर थोडा वाढतो, पण बोटांना जाणवत नाही. खरखर आली तर २५६.

अ‍ॅम्पचं काम ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर फुकटात करतं. मात्र पुढे स्पीकर कॅबिनेटचा आयआर (त्या कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) लावाच, नाहीतर डिस्टॉर्शन डबड्यात कोंडलेल्या माशीसारखं घोंगावतं. रेकॉर्डिंगचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास पुरे. उरलेल्या पैशांत नव्या तारा घ्या.